हाडाला चिकटलेला दात आणि तारेची रस्सीखेच

या महिन्यात आलेल्या पत्रांत सहा पत्रं जवळजवळ एकाच विषयाची निघाली, म्हणून एरवी दहा जणांना थोडं थोडं उत्तर देतो तसं न करता यावेळी हा एकच विषय घेतोय. हिरड्यांतून रक्त येतं, अक्कलदाढ दुखते वगैरे लिहिणाऱ्यांनी जरा कळ काढा, पुढच्या अंकात तुमचाच नंबर.

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा आता १३ वर्षांचा आहे. चौथीत असताना सायकलवरून पडला आणि वरचा पुढचा एक दात मुळासकट बाहेर आला. दात रुमालात गुंडाळला, रविवार होता, दवाखाने बंद, उघडा दवाखाना सापडेपर्यंत दोन-अडीच तास गेले. त्यांनी दात परत बसवला, तार लावली, नंतर रूट कॅनाल केलं. दात इतका घट्ट बसला की आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. पण गेल्या दोन वर्षांत तो शेजारच्या दातापेक्षा आखूड दिसायला लागला म्हणून ब्रेसेस लावल्या, त्याला दहा महिने झाले, तो दात तसूभर हलला नाही, उलट शेजारचेच दात वर गेल्यासारखे वाटतात आणि पुढचे दात एकमेकांवर मिटत नाहीत, पोळीचा तुकडासुद्धा पुढच्या दातांनी तुटत नाही. आता दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले दात हाडाला फ्यूज झालाय, मूळ अर्धं खाल्लं गेलंय. एक म्हणतात ऑपरेशन करून दात सैल करू आणि खाली ओढू, दुसरे म्हणतात काढा आणि इम्प्लांट (हाडात रोवायचा कृत्रिम दात) टाका. मुलगा फोटोत ओठ मिटून उभा राहतो. रुमालात ठेवला ते चुकलं का आमचं? काय करावं? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, रुमालाचं आधी बोलू, कारण ते तुमच्या मनात चार वर्षं टोचत असणार. हो, दात कोरडा राहिला तिथेच हे सुरू झालं. पण हे आपल्याकडे कुणी कुणाला सांगतच नाही, त्यामुळे तुम्ही जे केलं तेच दहातले नऊ पालक करतात, आणि त्या डॉक्टरांनी दात परत बसवला तेही बरोबरच केलं. तो दात चार वर्षं टिकला आणि मुख्य म्हणजे त्याने तिथलं हाड धरून ठेवलं. हे हाड पुढे कामाला येणार आहे, त्यावर येतोच.

आता नेमकं झालं काय ते. आपला दात हाडात सिमेंट घालून पक्का केलेला नसतो. बाजेला सुंभाची वीण असते ना, तशी मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची वीण असते, जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटर, आणि दात त्या विणीवर टांगलेला असतो. म्हणून चांगला दातसुद्धा बोटाने दाबला तर किंचित हलतो, आणि ब्रेसेसने दात सरकतो तोही या विणीच्या जोरावर, एका बाजूला दाब पडला की तिकडचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवीन बनतं. दात बाहेर पडून तासभर कोरडा राहिला की मुळावरच्या या विणीच्या पेशी मरतात. मग दात परत बसवला तरी मधली वीण जिवंत होत नाही, हाड थेट मुळाला येऊन भिडतं आणि चिकटतं. याला अँकिलोसिस म्हणतात. तुम्ही ज्या घट्टपणावर खुश होतात तोच खरं तर आजार होता, पण हे त्यावेळी तुम्हाला कळायचं काही कारण नव्हतं.

ओळखायची एक साधी युक्ती आहे. आरशाच्या मागच्या दांडीने दातावर हळूच टकटक करायचं. चांगला दात 'ठप' वाजतो, बसका आवाज. चिकटलेला दात 'टण्' वाजतो, भिंतीत ठोकलेल्या खिळ्यावर वाजवल्यासारखा. माझ्याकडे अशीच एक मुलगी आली होती, तिला मी दोन्ही दात वाजवून दाखवले तर तीच म्हणाली, काका हा स्टीलचा आहे का. ही परीक्षा फुकट आहे, अर्ध्या मिनिटाची आहे, आणि माझं मत असं की मार लागलेल्या कुठल्याही दाताला तार लावायच्या आधी ती झालीच पाहिजे. तुमच्या मुलाची झाली असती तर दहा महिने वाचले असते. अर्थात मुळाचा साधारण पाचवा हिस्सा तरी चिकटलेला असेल तरच आवाज बदलतो, थोडासाच चिकटला असेल तर चकवा बसू शकतो, आणि साध्या एक्स-रेमध्येही मुळाच्या पुढच्या-मागच्या बाजूचं चिकटणं दिसत नाही, तेव्हा डॉक्टरांना सगळाच दोष देऊ नका.

दात आखूड का दिसतो? तो वर गेलेला नाही, तो आहे तिथेच आहे. मुलाचा जबडा वाढतोय, बाकीचे दात आपापलं हाड बरोबर घेऊन खाली येतायत आणि हा एकटा खुंटा रोवल्यासारखा जागच्या जागी. म्हणजे मुलगा जितका उंच होणार तितका हा दात आखूड दिसत जाणार, आणि १३ ते १६ हीच मुलांची भराभर उंची वाढायची वर्षं.

आणि ब्रेसेसचं काय झालं? वडाच्या झाडाला दोर बांधून चार पोरं ओढायला लागली तर वड येत नाही, पोरंच वडाकडे सरकतात. तुमच्या मुलाच्या तोंडात वड म्हणजे तो चिकटलेला दात आणि पोरं म्हणजे शेजारचे चांगले दात. म्हणून ते वर गेले आणि पुढे फट पडली. त्यामुळे पहिलं काम, याच आठवड्यात, ऑर्थोडाँटिस्टकडे, म्हणजे ब्रेसेस लावणाऱ्या डॉक्टरांकडे, जाऊन तार त्या दातापासून सोडवून घ्या. बाकीच्या दातांना राहू दे, फक्त या एकाला वगळा. शेजारचे दात बऱ्याच अंशी परत जागेवर आणता येतात.

आता ऑपरेशन. दात सैल करून ओढणं ही पद्धत खोटी नाही. भूल देऊन चिमट्याने दात अगदी थोडा फिरवून चिकटलेली जागा तोडतात, पूर्ण बाहेर काढत नाहीत, आणि लगेच, फार तर काही दिवसांत, त्याला तारेने ओढायला सुरुवात करतात, कारण थांबलं की परत चिकटतो. पण हे कुठे चालतं, जिथे मूळ शाबूत आहे आणि एखाद्या ठिपक्याएवढी जागा चिकटलीय तिथे. तुमच्या मुलाचं मूळ अर्धं गेलंय. आपलं हाड म्हणजे कायम डागडुजी चाललेला जुना वाडा, एक वीट काढतात, दुसरी बसवतात, रोज, आयुष्यभर. चिकटलेलं मूळ या गवंड्यांना हाडच वाटतं, मग ते मुळाची वीट काढतात आणि हाडाची बसवतात. लहान वयात हे काम जोरात चालतं, काही वर्षांत आख्खं मूळ हाड होऊन जातं. अशा मुळाला चिमटा लावला तर ते मोडणारच, आणि मोडलं नाही तरी परत चिकटणार कारण वीण तर मेलेलीच आहे. दात पूर्ण बाहेर काढून, औषधाचं जेल लावून, खाली बसवण्याचाही प्रकार आहे, पण ते जेल मेलेली वीण परत आणेल याची खात्री नाही. तेव्हा १३ वर्षांच्या मुलात, अर्धं मूळ गेलेल्या दातावर, हे ऑपरेशन मी करणार नाही आणि माझ्या भाच्याला असतं तरी करू दिलं नसतं.

काढून इम्प्लांट? ते तर आत्ता अजिबात नाही. इम्प्लांट हाडाला चिकटूनच बसतो, तोच त्याचा गुण. म्हणजे वाढत्या मुलात इम्प्लांट टाकणं म्हणजे एक न वाढणारा दात काढून दुसरा न वाढणारा दात बसवणं, पाच वर्षांनी तोही आखूड. मुलांची वाढ थांबायला विशीपर्यंत थांबावं लागतं. शिवाय चिकटलेला दात काढताना पुढचं पातळ हाड बरोबर तुटून येतं, तिथे खड्डा पडतो, आणि वीस वर्षांचा होईपर्यंत इम्प्लांट रोवायला जागाच उरत नाही, मग कमरेचं नाहीतर हनुवटीचं हाड आणून भरा.

या दोघांच्या मधला एक रस्ता आहे आणि तुमच्या मुलासाठी मला तोच पटतो. त्याला डीकोरोनेशन म्हणतात. स्वीडनच्या बार्ब्रो माल्मग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ही पद्धत मांडली. कल्पना अशी की दात वाचवायचा नाद सोडायचा आणि हाड वाचवायचं. भूल देऊन हिरडी थोडी उचलतात, दाताचा दिसणारा भाग कापून काढतात, मूळ हाडाच्या कडेच्या किंचित खाली घासून घेतात, आत रूट कॅनालचं जे भरलेलं असतं ते सगळं काढतात (हे महत्त्वाचं, कारण मुळाचं हाड होतं पण त्या रबरासारख्या मसाल्याचं होत नाही), मग आत मुद्दाम थोडं रक्त येऊ देतात, आणि वरून हिरडी शिवून टाकतात. उरलेलं मूळ सावकाश हाड होत जातं, त्यामुळे जाडी टिकते. आणि खरी गंमत पुढे आहे, शेजारचे दात खाली येतात तेव्हा त्या मुळावर नवीन हाडही वाढत येतं, कारण आता मध्ये अडवणारा खुंटा नाही. म्हणून हे मुलाची उंची झपाट्याने वाढायच्या आधी किंवा वाढत असतानाच करायचं. फरक १ मिलिमीटरच्या पुढे जाऊन वाढतच चालला की फार वाट बघू नये. तुमच्याकडे वेळ आहे, पण रेंगाळायला नाही.

मुलगा बिनदाताचा शाळेत जाणार का? नाही. त्याचाच कापलेला दात नीट घासून, खालचा भाग बंद करून, शेजारच्या दातांना मागून चिकटवता येतो. रंग आपोआप जुळतो, कारण तो त्याचाच आहे. एका मुलाला टाके घातल्यावर लगेच आरसा दिला, तो दोन मिनिटं बघतच राहिला आणि मग म्हणाला, अरे हा तर लांब झाला. चार वर्षं जे खाली येत नव्हतं ते आता हव्या त्या लांबीला चिकटवलं होतं, बस. पुढे विशीत इम्प्लांट किंवा दुसरं काही, तेव्हा बघू.

अजून एक शक्यता डॉक्टरांना जरूर विचारा. तुमच्या मुलाचे बाकीचे दात दाटीचे असतील आणि एखादी उपदाढ (सुळा आणि दाढा यांच्या मधला दात) काढावीच लागणार असेल तर तीच उपदाढ पुढच्या जागी लावता येते. मूळ दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश तयार झालेलं असेल आणि टोक अजून उघडं असेल तर ती जगते, आतली नससुद्धा जगू शकते, आणि वीण जिवंत असल्याने ती मुलाबरोबर वाढते. कोपनहेगनच्या आंद्रेआसेन आणि मंडळींनी १९९० मध्ये अशा ३७० उपदाढांचा अभ्यास छापला होता, म्हणजे हे काही कुणाच्या डोक्यातून परवा निघालेलं नाही. १३ व्या वर्षी ही वेळ निसटत चाललेली असते, पण एक एक्स-रे बघायला काय जातं.

ऑर्थो, सर्जरी आणि मुलांचे दात, तिघांनी एकत्र बसून ठरवायची ही केस आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, तिथे हे तिन्ही विभाग एका छपराखाली मिळतात, आणि जवळपासचं कुठलंही डेंटल कॉलेज चालेल. सगळे जुने एक्स-रे बरोबर न्या, चार वर्षांपूर्वीचा असेल तर तोही.

प्रश्न : मी २८ वर्षांची, आयटीत आहे. डावा वरचा सुळा अर्धा खाली येऊन अडकला होता, ब्रेसेस लावून दीड वर्ष झालं तरी आला नाही. स्कॅनमध्ये टाळूच्या बाजूने थोडासा फ्यूज दिसतोय, मूळ व्यवस्थित आहे असं सांगितलंय. ३-४ मिलिमीटर वर आहे. सर्जन म्हणतात हाडाचा तुकडा दातासकट कापून खाली आणू. ऐकूनच पोटात गोळा आलाय. हे खरंच करतात? – पुणे

उत्तर : करतात. आणि वरच्या मुलाला मी ज्याला नाही म्हणालो त्याला तुम्हाला सरळ नाही म्हणणार नाही, कारण तुमची वाढ संपलीय आणि मूळ शाबूत आहे, ही दोन्ही फार मोठी जमेची बाजू.

पण आधी त्यांना विचारा, नुसतं सैल करून बघायचं का. ठिपक्याएवढी जागा चिकटली असेल तर ती तुटते आणि सुळा तारेने येतो. धोका मुळाचाच. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका मुलाचा सुळा असा सैल करताना मुळाचं टोक मोडलं, आवाज त्यालाही ऐकू गेला, शेवटी दात काढावा लागला. सहीच्या कागदावर ही शक्यता लिहिलेली होती पण मी ती तोंडाने नीट सांगितली नव्हती, तेव्हापासून आधी तीच सांगतो. म्हणून तुम्हालाही सांगतो, मोडू शकतं.

हाड कापायची पद्धत अशी. दाताच्या दोन्ही बाजूंनी, शेजारच्या मुळांच्या मधून, दोन उभे काप आणि मुळाच्या टोकाच्या काही मिलिमीटर वर एक आडवा. टाळूच्या बाजूची त्वचा तशीच चिकटलेली ठेवतात कारण त्या तुकड्याला रक्त तिथूनच मिळतं, ती फाटली की तुकडा मेला. मग तुकडा एकदम खाली आणून पट्टीने पक्का करतात, किंवा ५ ते ७ दिवस थांबून रोज अर्धा ते १ मिलिमीटर असा हळूहळू खाली आणतात, मागे नवीन हाड भरत येतं. ३-४ मिलिमीटरसाठी मला हळूहळूची पद्धत बरी वाटते, टाळूची त्वचा एकदम ताणली जात नाही. आणि दाताबरोबर हिरडीही खाली येते, ते दिसायला फार छान होतं, नुसतं दाताला कंपोझिट (दाताच्या रंगाचा मसाला) लावून लांब केलं तर ते हिरडीचं जमत नाही.

आता मुळांचं दुखणं कुठे होऊ शकतं ते नीट वाचा. शेजारच्या दातांची मुळं जवळ असतील तर करवत त्यांना लागते. म्हणून ऑर्थोडाँटिस्टने आधी ती मुळं दोन्हीकडे सरकवून रस्ता रुंद केलेला असावा. नसेल केला तर ऑपरेशनची तारीख घेऊच नका. दुसरं, तुमच्या सुळ्याची नस मरू शकते, दात करडा पडतो, मग रूट कॅनाल. तिसरं हे लोकांना कुणी सांगत नाही, या पद्धतीत चिकटलेला दात सुटत नाही, चिकटलेलाच राहतो, फक्त हाडासकट प्रवास करतो. म्हणजे तुकडा जिथे बसला तिथे बसला, नंतर तार लावून 'जरासा इकडे घ्या ना' होणार नाही. म्हणून तो कुठे थांबवायचा हे सर्जनच्या बरोबरीने ऑर्थोडाँटिस्टनेही ठरवायला हवं.

आणि हसताना तुमची हिरडी दिसत नसेल, ओठ खालीच राहत असेल, तर हे सगळं सोडून सुळ्यावर नुसतं कंपोझिट चढवून गप्प बसणं हा काही वाईट पर्याय नाही. आरशासमोर उभं राहून खरंखुरं हसा, फोटोतलं नको, आणि बघा.

प्रश्न : वय ३४. बाईकवरून पडलो आणि वरचा पुढचा दात हिरडीत जवळजवळ पूर्ण आत घुसला. डॉक्टरांनी त्याच दिवशी तो खाली ओढून जागेवर आणला आणि तार लावली. दोन आठवडे होत आले, काहीही दुखत नाही, तरी ते रूट कॅनाल करायचंच म्हणतात. दुखत नाही तर कशाला? बिल वाढवायचं असतं असं सगळे मित्र म्हणतात. – नागपूर

उत्तर : मित्रांना चहा पाजा आणि तुम्ही रूट कॅनालला जा. दुखत नाही कारण नस मेलीय, मेलेली नस ओरडत नाही.

दात हाडात एवढा आत घुसतो तेव्हा मुळाच्या टोकातून आत जाणारी रक्तवाहिनी चिरडली जाते. तुमच्या वयात मुळाचं टोक बारीक, बंद झालेलं, तिथून नवीन रक्तवाहिनी शिरायला वाव नाही. दातांच्या जखमांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (IADT) २०२० मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या त्यांतही ७ मिलिमीटरपेक्षा जास्त आत गेलेला पक्का दात ऑपरेशनने जागेवर आणायचा, तार ४ आठवडे ठेवायची आणि दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला रूट कॅनाल सुरू करायचं असंच आहे. तुमच्या डॉक्टरांनी पुस्तकातलंच केलंय.

घाई का ते सांगतो. मूळ खाल्लं जाण्याचे दोन प्रकार आहेत आणि लोक (कधी कधी आम्हीसुद्धा) त्यांची गल्लत करतो. एक, वर सांगितला तो, गवंड्यांचा, हळू चालणारा, ज्याला थांबवायचं औषध नाही. दुसरा जंतूंचा. मेलेल्या नसेत जंतू वाढतात, त्यांचं विष मुळाच्या भिंतीतल्या बारीक नळ्यांतून बाहेर झिरपतं, आणि बाहेरच्या बाजूला वीण जखमी असेल तिथे शरीर मुळालाच कुरतडायला लागतं. हा प्रकार फार वेगाने चालतो, काही महिन्यांत मुळाला खड्डे पडतात, आणि एक्स-रेवर मुळाशेजारच्या हाडातही काळे डाग दिसतात. पण हा थांबवता येतो! मूळ आतून साफ करून कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरलं की जंतू मरतात आणि कुरतडणं थांबतं. म्हणजे ज्याला औषध आहे तो प्रकार दुखत नाही म्हणून वाढू द्यायचा, याला काय म्हणणार.

तुम्ही विचारलं नाहीत पण सांगून ठेवतो, इतका आत घुसलेला दात पुढे चिकटण्याची शक्यताही बरीच असते. घाबरू नका. तुमच्या वयात जबडा वाढत नाही त्यामुळे दात आखूड दिसणार नाही, आणि मूळ बदलायचं काम मुलांपेक्षा खूप सावकाश चालतं, असे दात वर्षानुवर्षं चालतात. फक्त नंतर कुणी म्हणालं जरा तार लावून सरळ करू, तर आधी टकटक करून घ्या. एक्स-रे पहिल्या वर्षात चार-पाच वेळा आणि मग ५ वर्षं दरवर्षी. मानेशी, म्हणजे हिरडीच्या काठाला, दात गुलाबी दिसायला लागला तर वर्षाची वाट न बघता जायचं, तिथे बाहेरून खड्डा पडत असू शकतो आणि लवकर सापडला तर साफ करून भरता येतो.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची, खालची एक दुधाची दाढ खाली दबल्यासारखी दिसते. डॉक्टर म्हणाले तीही हाडाला चिकटलीय आणि तिच्याखाली पक्का दातच नाही. तीही कापायची का? – नाशिक

उत्तर : लगेच नाही. दुधाच्या दाढा चिकटणं हे बरंच दिसतं, त्याला मार लागायलाच हवा असंही नाही. खाली पक्का दात असता तर बहुतेक वेळा ती थोडी उशिरा का होईना आपोआप पडली असती. इथे पक्का नाही, त्यामुळे प्रश्न एवढाच की ती किती दबलीय. थोडीशी असेल तर वरून भर घालून शेजाऱ्यांच्या उंचीला आणता येते, आणि मूळ चांगलं असेल तर अशा दाढा मोठेपणीही चालतात. पण दर सहा महिन्यांनी भराभर खाली जात असेल, शेजारच्या दाढा तिच्यावर कलत असतील, तर काढावी लागेल, आणि ते ऑर्थोडाँटिस्टला विचारून, कारण ती जागा बंद करायची की ठेवायची ते आधी ठरायला हवं.

प्रश्न : माझे खालचे दोन दात एकमेकांना जोडलेले आहेत, जन्मापासून. ते 'फ्यूज्ड' आहेत असं सांगितलंय. हे तेच का? – ठाणे

उत्तर : शब्द तोच, भानगड वेगळी. तुमचे दात दाताला जोडलेत, हाडाला नाही, मुळांभोवती वीण आहे, त्यामुळे तार लावली तर ती जोडगोळी एकत्र सरकते. मधल्या खाचेत कीड लागते तेवढी सांभाळा, ती सील करून घ्या. कापून दोन करायच्या फंदात पडण्याआधी स्कॅनमध्ये आतली नस एकच आहे की वेगळी ते बघायला सांगा.

प्रश्न : मी शाळेत पीटी शिकवते. मैदानावर दात पडला तर नक्की करायचं काय, दोन ओळीत सांगा, भिंतीवर लावते. – कोल्हापूर

उत्तर : बाई, दोन ओळीत बसत नाही पण प्रयत्न करतो. दात उचलायचा तो एरवी तोंडात दिसणाऱ्या बाजूने, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा तर नाहीच. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाईनमध्ये क्षणभर विसळायचा आणि जमत असेल तर तिथल्या तिथे खड्ड्यात परत बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगायचं. बसवायची हिंमत होत नसेल तर कपभर थंड दुधात टाकायचा, पाण्यात नाही, कागदात नाही, रुमालात नाही, आणि डेंटिस्टकडे पळायचं. पहिली १५ मिनिटं सोन्याची, तासाभरानंतर मुळावरची वीण संपत आलेली असते. दूध साधं पिशवीतलं चालतं, शाळेसमोरच्या टपरीवर मिळतं तेच.

हे सगळं पक्क्या दातासाठी, साधारण सहा-सात वर्षांनंतरच्या. पहिलीतल्या पोराचा दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. तो आपला कौलावर टाका, उंदराचा आहे.